पत्रिका फॉरवर्ड झाली म्हणजे परिषद पोचली का?

थोडं मोठं लिहितोय. ज्यांना स्वतःच्या खिशातून छोट्या परिषदा, संमेलनं, मेळावे भरवायची खोड आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. राग आला तर कमेंटमध्ये जरूर या, पण आधी वाचून या.

दिवाळी उलटली की आपल्या छत्रपती संभाजीनगरात परिषदांचा हंगाम सुरू होतो. मी मोठ्या, सरकारी पैशांच्या, कमानी लावलेल्या कार्यक्रमांबद्दल बोलत नाहीये. त्यांना माझ्या पोस्टची गरज नाही. मी बोलतोय त्या पन्नास-शंभर माणसांच्या, वर्गणीवर चालणाऱ्या, दुपारी पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी ठराव करणाऱ्या परिषदांबद्दल. विषय बघा एकेक. ऊसतोड बायकांचं आरोग्य. नळाला किती दिवसांनी पाणी. दखनी भाषेचं काय झालं. भटक्यांच्या जात-दाखल्यांची अडवणूक. मराठवाड्याच्या जगण्याचे प्रश्न इथे मोकळेपणानं बोलले जातात, कारण इथे कुणी प्रायोजक बसलेला नसतो.

आणि अशा परिषदेचा प्रचार आपण कसा करतो? एक पत्रिका. मोबाइलवर बनवलेली, चित्राच्या स्वरूपातली. वर महापुरुषांची रांग, खाली उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, मार्गदर्शक, निमंत्रक, सहनिमंत्रक. बावीस पासपोर्ट फोटो. विषयाला एक ओळ, तीही अशा बारीक अक्षरात की चष्मा काढून डोळ्याजवळ न्यावं लागतं. तारीख असते, वार असतो, साल नसतं. बरेचदा 'स्थळ' असतं, पण ते शहराच्या कुठल्या भागात हे नसतं, कारण आयोजकाला ते माहीत असतं. ही पत्रिका चाळीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. तिच्याखाली तीस जण हात जोडल्याची खूण टाकतात. फेसबुकवर ऐंशी जणांना टॅग केलं जातं. त्यातले वीस जण टॅग काढतात, बाकीचे बघतही नाहीत. झाला प्रचार.

मग परिषदेच्या दिवशी हॉलमध्ये पस्तीस माणसं असतात, त्यात बावीस जण पत्रिकेतलेच. आणि सूत्रसंचालक माइकवर सांगतो, समाज झोपलेला आहे.

समाज झोपलेला नाहीये हो. तुम्ही त्याला काय विचारायला बोलावलंय, तेच त्याला सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. छोट्या परिषदेचा प्रचार पत्रिकेनं होत नाही, लिखाणानं होतो. आणि हे लिखाण परिषदेच्या आधी सुरू व्हायला लागतं आणि परिषद संपल्यावरही चालू राहावं लागतं. ब्लॉग आणि सोशल मीडिया ही त्यासाठी हातात आलेली फुकट साधनं आहेत. आपण त्यांचा नोटीस बोर्ड करून टाकलाय.

कुणी म्हणेल, हे नवं फॅड आहे. नवं काही नाही. याच शहरात गंगाधर पानतावणे सर काय करत होते? मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभं राहिलं. त्रैमासिक. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं सरांनी ते चालवलं. आणि त्याच्याच आधारानं अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे भरायचे, वेगवेगळ्या गावांत. या शब्दाकडे नीट बघा: लेखक-वाचक मेळावा. आधी अंक, मग मेळावा. पोस्टानं घरी आलेलं वाचून, त्यावर चिडून, त्यावर खूश होऊन माणूस एसटीत बसायचा, कारण त्याला लिहिणाऱ्याला भेटायचं असायचं. त्याला बोलवायला बावीस फोटो लागत नव्हते. वर्षभराचं लिखाण हीच पत्रिका होती.

आता आपण काय करतो? वर्षभर चकार शब्द लिहीत नाही, आणि अकरा महिन्यांनी एकदम पत्रिका पाठवतो. ज्या विषयावर मी तुमचं काही वाचलेलंच नाही, त्या विषयावर तुम्हाला ऐकायला मी रविवार का मोडू?

अजून मागे जाऊ. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण दिलं. जोतीराव गेले नाहीत. त्यांनी पत्र लिहिलं आणि ते 'ज्ञानोदय'नं ११ जून १८८५ च्या अंकात छापलं. आज त्या सभेत व्यासपीठावर कोण कोण बसलं होतं, हे अभ्यासक सोडले तर कुणाला ठाऊक आहे? पण न गेलेल्या माणसाचं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे सगळी विद्रोही परंपरा त्या पत्राचं नाव घेऊन उभी राहिली. धारावीत १९९९ साली बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिलं विद्रोही मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हाही त्याची मुळं याच पत्रात सांगितली गेली. विचार करा, जोतीरावांनी ते पत्र फक्त रानड्यांच्या हातात दिलं असतं आणि छापलं गेलं नसतं तर? त्या काळचं 'पोस्ट करणं' म्हणजे हेच होतं.

आता फेब्रुवारी २०२५ चं बघा. ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत. उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते, विज्ञान भवनात. वाहिन्या, कॅमेरे, पहिली पानं. या संमेलनाला राज्य सरकार तेव्हा ५० लाख नाही, २ कोटी रुपये देत होतं. त्याच सुमारास आपल्या शहरात, आमखास मैदानावर, १९ वं विद्रोही मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. अशोक राणा. 'एक मूठ धान्य आणि एक रुपया' ही विद्रोहीची जुनी ओळख. एकीकडे कोटी, दुसरीकडे मूठ. या दोन्हींना वर्तमानपत्रात सारखी जागा मिळेल अशी अपेक्षा करणारा माणूस एकतर फार भोळा असला पाहिजे, नाहीतर त्यानं कधी वर्तमानपत्रात नोकरी केलेली नसावी.

मी केलीय. पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुक्याच्या बातम्या लिहीत लिहीत इथवर आलोय. त्यामुळे आतलं सांगतो. छोट्या परिषदेची बातमी जिल्हा पानावर कशी येते? 'दीपप्रज्वलनाने उद्घाटन झाले. यावेळी व्यासपीठावर अमुक, तमुक, ढमुक उपस्थित होते. सूत्रसंचालन यांनी केले तर आभार त्यांनी मानले.' झाली बातमी. काय बोललं गेलं? ते जागेअभावी कापलं. बातमीदार वाईट असतो असं नाही. त्याला त्या दिवशी पाच कार्यक्रम असतात, तो उद्घाटनाला येतो, फोटो काढतो आणि निघतो. आणि आयोजकांनी दिलेल्या प्रेसनोटमध्येही नावांची यादीच असते! तुम्हीच यादी देता, तर तो काय छापणार? वर काही ठिकाणी जाहिरातीचं पॅकेज घेतल्याशिवाय कोपराही मिळत नाही, हे उघड गुपित आहे. ज्याच्याकडे दुपारच्या जेवणाच्या तांदळाची जुळवाजुळव चालू आहे, तो पॅकेज कुठून घेणार?

म्हणून मी म्हणतो, ज्याला वर्तमानपत्र परवडत नाही आणि वाहिनी विचारत नाही, त्यानं तरी स्वतः लिहायला पाहिजे. पण गंमत अशी की नेमके तेच लिहीत नाहीत.

एक उदाहरण देतो. नाव घेत नाही, कारण माणसं प्रामाणिक आहेत. ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर एक दिवसाची परिषद होती. बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्या काढलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला होता, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समितीही नेमली होती. त्यानंतर काय झालं, काय नाही, हे तिथे खुद्द तोडणीला जाणाऱ्या एका बाईनं वीस मिनिटं सांगितलं. कोयत्याचा हिशेब, मुकादमाची उचल, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, दुखणं अंगावर काढणं. वीस मिनिटं हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. मी आजवर ऐकलेल्या उत्तम भाषणांपैकी ते एक. आज ते कुठे आहे? कुठेच नाही. कुणी लिहून घेतलं नाही. एका कार्यकर्त्यानं मोबाइलवरून फेसबुक लाईव्ह केलं होतं, आवाजाच्या जागी पंख्याची घरघर. आज शोधलं तर त्या परिषदेचा एकच पुरावा सापडतो: पत्रिका. तिच्यावर त्या बाईचं नावही नाही, कारण ती 'मान्यवर' नव्हती.

हे माझं खरं भांडण आहे. ज्यांचा आवाज कुणी नोंदवत नाही म्हणून आपण परिषद भरवतो, त्यांचा आवाज आपणही नोंदवत नाही. मग आपल्यात आणि त्या जिल्हा पानात फरक काय?

आणि फेसबुक लाईव्हवर विसंबलेल्यांना सांगतो. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकनं नियम बदललाय. नवा लाईव्ह व्हिडिओ फक्त ३० दिवस राहतो, मग आपोआप पुसला जातो. जुने लाईव्हसुद्धा काढून टाकणार म्हणून कंपनीनं कळवलं, आणि उतरवून घ्यायला ९० दिवस दिले. तारीख बघा. आमखास मैदानावरचं संमेलन नेमकं त्याच आठवड्यातलं. त्या दिवसांत कुणी हौसेनं फोन उंच धरून लाईव्ह केलं असेल आणि महिन्याभरात ते उतरवून ठेवलं नसेल, तर ते गेलं. पुसणाऱ्याला आमखास मैदान कुठे आहे हेही माहीत नाही. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेलं धान्य आहे ते. मालकानं कणगी रिकामी करा म्हटलं की करावी लागते. ऑर्कुट २०१४ साली बंद झालं, गूगल प्लस २०१९ साली. तिथे लिहिलेलं कुठे गेलं, विचारा तेव्हाच्या लोकांना.

म्हणून ब्लॉग. ब्लॉग म्हटलं की लोक हसतात, 'अजून कोण वाचतं ब्लॉग?' अहो, रोज कुणी वाचावा म्हणून नाही सांगत. ज्याला शोधायचंय त्याला सापडावा म्हणून सांगतोय. फेसबुकची पोस्ट दोन दिवसांत वाहून जाते. ब्लॉगवर टाकलेला लेख पाच वर्षांनी एम.ए. करणाऱ्या पोरीला सापडतो. पण एक अट आहे: मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला पाहिजे. आपल्याकडे प्रेसनोट अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते, तिचं चित्र किंवा पीडीएफ होतं आणि तेच फिरतं. शोधणाऱ्याच्या हाती ते लागेलच याचा भरवसा नाही. आणि एक शहाणपण: मजकुरात छत्रपती संभाजीनगर लिहा, औरंगाबादही लिहा. २०२३ साली नाव बदललं, पण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. यात राजकारण आणू नका, ही वाचकाची सोय आहे.

आता नेहमीचे आक्षेप घेतो.

'सोशल मीडियावर लिहून खुर्च्या भरत नाहीत.' बरोबर आहे, एका पोस्टनं भरत नाहीत. पण खुर्च्या हाच हिशेब असेल तर मग मोठ्या नेत्याला बोलवा, तो गाड्या भरून माणसं आणतो. छोट्या परिषदेचा श्रोता हॉलच्या बाहेर जास्त असतो. सोयगावची पोरगी, जिला संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची असते. पुण्यात कंपनीत बारा तास राबणारा आपलाच मुलगा. आखाती देशात गेलेला किराडपुऱ्यातला इलेक्ट्रिशियन. ते येऊ शकत नाहीत. पण वाचू शकतात, प्रश्न विचारू शकतात. तो प्रश्न हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा, बघा काय होतं. पुढच्या वर्षी तोच माणूस वर्गणी पाठवेल.

'आमच्याकडे माणसं नाहीत, वेळ नाही.' फ्लेक्सवर कुणाचा फोटो आधी यावर तीन बैठका घ्यायला वेळ असतो. त्यातली एक बैठक वाचवा. क्रांती चौकात लावलेला फ्लेक्स महापालिका तरी काढते, नाहीतर वारा तरी. त्या पैशात एका गरजू विद्यार्थ्याला मानधन देऊन दिवसभराचं सगळं लिहून घेता येतं.

'सोशल मीडिया म्हणजे शिव्या आणि ट्रोल.' आहेत. पण गुलमंडीच्या कोपऱ्यावर सभा घेतली तरी दोन जण मागून ओरडतातच. म्हणून सभा घ्यायची नाही असं आपल्या आधीच्यांनी म्हटलं असतं, तर आपण कुठे असतो?

'हे सगळं शहरी, शिकलेल्यांचं काम.' हा आक्षेप मला सगळ्यात खोटा वाटतो. ज्यांना संपादकांनी दारात उभं केलं नाही अशी कितीतरी खेड्यापाड्यांतली पोरं आधी फेसबुकवर लिहून पुढे आली. त्यांना कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी लागली नाही. उलट हे साधन जर कुणाचं असेल तर आपलंच आहे.

आणखी एका नव्या रोगाबद्दल बोलतो. हल्ली काही छोट्या परिषदांनाही 'रील' बनवून देणारी पोरं भेटतात. ड्रोन, संगीत, स्लो मोशनमध्ये जोडे घालून चालत येणारे अध्यक्ष. दिसायला झकास. पण तीस सेकंदांत विषय काय हे कळत नाही, अध्यक्षांचे जोडे मात्र कळतात. रीलला माझा विरोध नाही. त्या ऊसतोड बाईचं एक मिनिटाचं बोलणं, स्वच्छ आवाजात, खाली मजकुरासह टाका. कुठलंही संगीत लागणार नाही.

मग करायचं काय? टीका करून पळून जाणाऱ्यांतला मी नाही. कामापुरतं सांगतो.

दोन महिने आधी विषयाचा प्रश्न ठरवा. 'मराठवाड्यातील पाणी: दशा आणि दिशा' हा प्रश्न नाही, ते शीर्षक आहे. 'आमच्या वॉर्डात पाणी आठवड्यातून एकदाच का येतं?' हा प्रश्न आहे. मग प्रत्येक वक्त्याकडून पाचशे-सहाशे शब्द आधी लिहून घ्या. जो आधी पाचशे शब्द देत नाही, तो तिथे येऊन चाळीस मिनिटं काय बोलणार ते ओळखा. आठवड्याला एक लेख ब्लॉगवर टाका, त्यातला कळीचा भाग फेसबुकवर. खाली लोकांना विचारा, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे.

पत्रिका पाठवायचीच, पण सोबत तोच मजकूर टाइप करून पाठवा. साल लिहा, पत्ता लिहा, जवळची खूण लिहा. आणि ग्रुपवर फेकू नका. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ पासून आपल्या देशात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. ते वर्ष आठवा, राईनपाड्यात अफवेनं पाच भटक्यांचा जीव घेतला तेच. आणि २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. म्हणजे ढकलत राहण्याचे दिवस तसेही संपले. पन्नास माणसांना नाव घालून स्वतंत्र मेसेज लिहा: 'ताई, तुम्ही अंगणवाडीत आहात म्हणून तुम्ही यायला पाहिजे, दुपारचं सत्र तुमच्या कामाचं आहे.' पाचशे फॉरवर्डपेक्षा हे पन्नास जास्त चालतात. अनुभवाचं बोलतोय.

परिषदेच्या दिवशी एक माणूस असा ठेवा ज्याचं काम फक्त लिहिणं. त्याला हार आणायला पाठवू नका, चहाला पाठवू नका. दुसऱ्या एकाकडे आवाजाचं रेकॉर्डिंग द्या, फोन माइकजवळ ठेवा, पंख्याखाली नको. बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्या. विशेषतः जी बाई मुकादमाविरुद्ध बोलतेय तिला विचारा, नाव टाकू का नको. तिला परत त्याच टोळीत जायचंय.

आणि नंतर, आठ दिवसांच्या आत, सगळं बाहेर आलं पाहिजे. भाषणं मजकुरात. व्हिडिओ लाईव्हवरून उतरवून यूट्यूबवर, एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये. निबंधांचं पीडीएफ इंटरनेट आर्काइव्हवर, तिथे पैसे लागत नाहीत. ठराव शब्दशः. सहा महिन्यांनी त्या ठरावांचं काय झालं, कुणाला निवेदन दिलं, उत्तर आलं का, हेही त्याच ब्लॉगवर. पुढच्या वर्षीचा प्रचार तिथूनच सुरू होतो. ज्याला दिसतं की गेल्या वर्षीच्या ठरावाचा यांनी पाठपुरावा केला, तो टॅग न करता येतो.

यातलं काहीही महाग नाही. महाग आहे ती एक गोष्ट: मान्यवरांचे फोटो कमी करणं. बावीसचे दोन करायला छाती लागते, मला माहीत आहे. कुणीतरी रुसतं. रुसू द्या.

मोठ्या संमेलनाकडे मंडप आहे, निधी आहे, अहवाल आहे. आपल्याकडे जे बोललं गेलं तेवढंच आहे. तेही जर आपण हॉल झाडताना केरात टाकणार असू, तर उद्या कुणी म्हणालं की मराठवाड्यात या प्रश्नांवर कुणी बोललंच नव्हतं, तर आपण त्याला काय दाखवणार? पत्रिका? तिच्यावर तर सालही नाही.

या हंगामात ज्यांची परिषद आहे त्यांनी कमेंटमध्ये पत्रिका टाकू नये. परिषदेचा प्रश्न टाकावा, एका वाक्यात. तो वाचून यावंसं वाटलं तर मी येईन, दिवसभर मागच्या रांगेत बसून लिहून घेईन, आणि चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पिईन.